फॉयल्स वॉर की ब्लेचली सर्कल?

दुसरं महायुद्ध हवं, पण रणांगण नको. खुनाचा तपास हवा, पण रक्ताचे सडे नकोत. अशी आवड असेल तर शोधता शोधता दोन नावं हमखास समोर येतात: ‘फॉयल्स वॉर’ आणि ‘द ब्लेचली सर्कल’. दोन्ही ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरच्या मालिका. मी दोन्ही पाहिल्या आहेत आणि पहिलीकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे, त्यामुळे माझा कल लपणार नाही. पण दुसरीचं श्रेय तिला द्यायलाच हवं, काही बाबतींत ती खरोखर सरस आहे.

‘ब्लेचली सर्कल’ची कल्पना नुसती ऐकूनच बघावीशी वाटते. साल १९५२. युद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या चौघीजणी आता लंडनमध्ये साधं आयुष्य जगताहेत. सुझन दोन मुलांची आई आहे, आणि तिच्या नवऱ्याची समजूत अशी की बायको युद्धात कुठेतरी कारकुनी करत होती. तेव्हा सगळ्यांची वरिष्ठ असलेली जीन आता ग्रंथालयात काम करते. मिली मनस्वी, कुणाचं न ऐकणारी. लूसीला एकदा वाचलेलं पान जसंच्या तसं आठवतं आणि घरी नवऱ्याचा मार खावा लागतो. गुप्ततेच्या कायद्यानं चौघींची तोंडं बंद. शहरात तरुण मुलींचे खून होत असतात आणि रेडिओवरच्या बातम्या ऐकता ऐकता सुझनला त्यांच्यात एक सूत्र दिसायला लागतं.

हे गप्प राहणं मालिकेनं फार सुंदर पकडलंय. ब्लेचली पार्कात काम करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या, आणि तिथलं काम १९७४ पर्यंत जगाला ठाऊक नव्हतं. ज्या बाईनं पाणबुड्यांचे माग काढले तिनं जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचं ‘तुला हे काय समजणार’ छापाचं बोलणं निमूट ऐकायचं! ॲना मॅक्सवेल मार्टिननं केलेली सुझन अशा वेळी काही बोलत नाही, नुसती नजर खाली घेते. तेवढ्यानंही पोटात तुटतं. चौघींनी जमिनीवर नकाशे अंथरून, रेल्वेची वेळापत्रकं समोर ठेवून डोकी लढवण्याचे प्रसंग तर पुनःपुन्हा पाहावेत असे.

आणि तरीही माझं मन तिथून उठलं, ते नेमकं त्याच नकाशामुळे.

खून झालेल्या मुली त्या नकाशावर ठिपके होऊन येतात. कोण कुठल्या गाडीनं गेली, कुठे सापडली, दोन खुनांत किती दिवसांचं अंतर, ही सगळी माहिती आपल्याला मिळते. पण त्यातली एखादी घरी कुणाला काय सांगून निघाली होती, तिच्या पगारावर कोण अवलंबून होतं, तिला कशाचं हसू यायचं, हे जवळजवळ कळतच नाही. त्यांच्या मरणाला अर्थ उरतो तो सूत्र पूर्ण करण्यापुरता. पुढे पुढे तर सगळा भर खुनी आणि सुझन यांच्या बुद्धीच्या सामन्यावर येतो. खुन्याच्या विकृतीचं मूळ युद्धात दाखवलंय, त्यामागे विचार आहे, ते मान्य. पण बायकांना कुणी मोजत नाही हे सांगायला निघालेल्या मालिकेत मेलेल्या बायकांची मोजणीच तेवढी व्हावी, हे मला फार लागलं. कदाचित इतरांना ते इतकं जाणवणार नाही. मला मात्र एकदा जाणवल्यावर विसरता आलं नाही.

‘फॉयल्स वॉर’ नेमकी इथे वेगळी आहे. मे १९४० मध्ये ती सुरू होते. ठिकाण हेस्टिंग्ज, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. पलीकडे फ्रान्स पडायच्या बेतात, किनाऱ्यावर काटेरी तारा, जर्मन उतरले तर इथेच कुठेतरी उतरणार ही धास्ती. डिटेक्टिव्ह चीफ सुपरिंटेंडंट ख्रिस्तोफर फॉयल विधुर, मुलगा हवाई दलात. त्याला स्वतःला युद्धकार्यात जायचंय, पण वरिष्ठ सोडत नाहीत. मग तो गावातले खून, चोऱ्या, काळाबाजार बघत राहतो.

प्रत्येक भाग दीड तासाच्या आसपास, आणि पहिला खून व्हायलाच बऱ्याचदा अर्धा तास जातो. घाईच्या माणसाला हे जड जाईल. पण त्या अर्ध्या तासात जो मरणार आहे तो आपल्या ओळखीचा झालेला असतो. त्याची दुकानदारी, त्याचं कुणाशी पटतं, कुणाशी पटत नाही, सगळं आपण बघितलेलं असतं. कार्लो नावाचा इटालियन उपाहारगृहवाला घ्या. फॉयलचा जुना मित्र, त्याला प्रेमानं जेवू घालणारा. १० जून १९४० ला इटली युद्धात उतरते आणि ज्या गावात तो वर्षानुवर्षं राहिला त्याच गावातली माणसं एका रात्रीत त्याला शत्रू ठरवतात. पुढे काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की तिथे फॉयलचा चेहरा बघून मी तो भाग मध्येच थांबवला होता.

शिवाय इथला गुन्हा त्या काळातून उगवतो. रेशनिंग आहे म्हणून धान्याच्या कोठारातून चोरी होते. पेट्रोल मोजून मिळतं म्हणून डेपोतून ते गायब होतं. बॉम्बनं पडलेल्या घरांत मदतीला धावणाऱ्यांतलेच काही जण लूट करतात. एका भागामागे लंडनच्या कॅनिंग टाउनमधली खरी घटना आहे: घरं गमावलेली माणसं एका शाळेत बसची वाट बघत थांबलेली, बस वेळेवर आल्याच नाहीत, आणि १० सप्टेंबर १९४० ला शाळेवर बॉम्ब पडला. शेवटाकडच्या एका भागात स्लॅप्टन सँड्स या इंग्लंडमधल्या किनाऱ्याचा संदर्भ येतो, जिथे १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईच्या सरावातच शेकडो अमेरिकन सैनिक मेले आणि गोष्ट दाबून ठेवली गेली. लेखक अँथनी होरोविट्झनं इम्पीरियल वॉर म्युझियमच्या टेरी चारमन यांचा सल्ला घेतला होता, आणि ती मेहनत पडद्यावर भाषण न होता दिसते.

फॉयल साकारणाऱ्या मायकेल किचनबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा नट स्वतःचे संवाद कापून घ्यायचा म्हणतात. बघताना पटतं. ओठ किंचित आवळणं, मान थोडी कलती करणं, एक ‘राइट’, आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय हे आपल्यालाही कळतं. त्याच्या जोडीला गाडी चालवणारी, कायम भूक लागलेली, पाद्र्याची मुलगी सॅम. आणि नॉर्वेच्या मोहिमेत पाय गमावून आलेला, फॉयलच्या हाताखालचा सार्जंट मिल्नर. त्याला पुन्हा कामाला लावण्यासाठी फॉयल ज्या पद्धतीनं बोलतो, त्यात कीव कुठेही नाही. ही तीन माणसं मला घरच्यासारखी वाटायला लागली. ब्लेचलीच्या चौघींशी तेवढी सलगी व्हायला वेळच मिळाला नाही. पहिला सीझन तीन भागांचा, दुसरा चार भागांचा, आणि त्यातही सुझन मध्येच निघून जाते.

फॉयलचेही दोष आहेत. २००७ मध्ये आयटीव्हीनं मालिका आवरती घ्यायचं ठरवलं आणि त्याचा फटका कथेला बसला. मार्च १९४३ वरून आपण एकदम एप्रिल १९४४ मध्ये जाऊन पडतो. मधलं जवळपास सगळं वर्ष गेलं ते गेलंच. प्रेक्षकांच्या आग्रहानं ती परत आली, हेस्टिंग्जमधला १९४५ चा काळ चांगला उतरला, पण शेवटच्या दोन सीझनमध्ये फॉयल एमआय-५ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेत जातो. किनारा सुटतो, मिल्नर नाही, सगळीकडे करडी ऑफिसं. ते भाग वाईट नाहीत, पण ज्या गावासाठी मी ही मालिका बघत होतो ते गावच त्यांत नाही.

घरच्यांसोबत बघायची असेल तर माझं मत सरळ फॉयलकडे जातं. माझ्या आईनं १९७१ चा मुंबईतला ब्लॅकआउट पाहिलाय, काचांवर कागद चिकटवलेले तिला आठवतात. फॉयलमध्ये ‘दिवा घालवा’ म्हणून वॉर्डन ओरडतो तेव्हा ती आपल्या चाळीतल्या गोष्टी सांगायला लागते, आणि आम्ही मालिका थांबवून त्या ऐकतो. ब्लेचली तिनंही आवडीनं पाहिली, पण बायकांवरच्या अत्याचाराचे प्रसंग आले की ती उठून आत जायची.

तेव्हा हातात एकच वीकेंड असेल, किंवा कोडी सोडवणं हाच तुमचा जीव की प्राण असेल, तर ‘ब्लेचली सर्कल’चा पहिला सीझन बघा. तिथे थांबलात तरी चालेल. वेळ असेल तर ‘फॉयल्स वॉर’ ‘द जर्मन वुमन’ या पहिल्या भागापासून क्रमानं बघा, मधलेच भाग उचलू नका. एका भागात खुनी डोळ्यांसमोर असूनही देशाच्या गरजेपोटी फॉयलला त्याला जाऊ द्यावं लागतं, आणि त्या वेळी तो जो शब्द देतो तो फार पुढे जाऊन लागतो. विजयदिनाच्या ‘ऑल क्लिअर’ या भागानंतर थोडी विश्रांती घ्या, मग १९४५ चे तीन भाग. एमआय-५ चे भाग त्यानंतर, आणि तेही सॅमची फारच आठवण यायला लागली तर.