टोंगशेंगचा मिड-ड्राइव्ह मोटर संच: वाई-पाचगणीच्या चढाला कितपत पुरतो?

वाई समुद्रसपाटीपासून साधारण 720 मीटरवर, पाचगणी 1290 च्या आसपास. पसरणी घाटाने अंतर बारा-साडेबारा किलोमीटर. बँकेचं काम, औषधं, आठवड्याची भाजी एवढ्यासाठी एकट्या माणसाने चारचाकी काढावी असं हे अंतर नव्हे. पण 570 मीटर चढायचे म्हटल्यावर सायकल भिंतीला टेकून राहते आणि जाऊन-येऊन दीड-दोन लिटर पेट्रोल जळतं. टोंगशेंग या चिनी कंपनीचा टीएसडीझेड2 हा संच साध्या सायकलला बसतो आणि अशा रस्त्यावर कारच्या बऱ्याच खेपा वाचवू शकतो. त्यातला 36 व्होल्ट, 250 वॉटचा प्रकार या घाटाला पुरतो. मात्र मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) आणि ब्रेक बदलायची तयारी नसेल तर तो घेऊ नये.

चाकातली हब मोटर स्वस्त पडते, बसवायलाही सोपी. सपाटीला ती उत्तम. घाटात मात्र तिला गिअर बदलता येत नाही. चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते आणि बॅटरीतली बरीच वीज जोर न होता उष्णता होऊन जाते. टीएसडीझेड2 क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे आणि त्यांच्या धुरीच्या, जागी बसते (म्हणून मिड-ड्राइव्ह), तिचा जोर चेनमधून जातो, त्यामुळे मागचे गिअर तिलाही मिळतात. शिवाय तिच्यात टॉर्क सेन्सर आहे. पाय जितका दाबाल त्या प्रमाणात मोटर साथ देते. नुसते पाय फिरताहेत एवढंच ओळखणाऱ्या स्वस्त सेन्सरपेक्षा वळणावर आणि खडीवर हे कितीतरी सुरक्षित.

बॅटरी किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून 110 किलो धरा. हे वजन 570 मीटर उचलायला सुमारे 170 वॉट-अवर लागतात. टायरचं घर्षण आणि वारा धरून 215 च्या घरात. ताशी 13 किलोमीटरने चढलात तर तासाभराच्या आत पोचता. त्यात तुमच्या पायांनी सरासरी 100 वॉट दिले तर मोटरच्या वाट्याला 120 वॉट-अवर येतात, आणि वाया जाणारी वीज धरून बॅटरीतून 160 च्या आसपास जातात. 36 व्होल्ट, 13 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 468 वॉट-अवर. थंडी, उलटा वारा, जुनी होत चाललेली बॅटरी हे सगळं धरूनही चढ आरामात निघतो. 8 अँपिअर-अवरची छोटी बॅटरी पैसे वाचवण्यासाठी घेऊ नका. ती नवी असताना पुरेल, जुनी झाली की वरच्या वळणांवर दम तोडू शकते.

आता खरी मेख. संच बसवताना पुढच्या तीनही चकत्या निघतात आणि त्यांच्या जागी 42 दातांची एकच येते. म्हणजे ज्या बारीक चकतीच्या भरवशावर सायकल चढायची, तीच गेली. मागे 14-28 चं (सर्वांत लहान चकती 14 दातांची, मोठी 28 ची) नेहमीचं सात गिअरचं फ्रीव्हील असेल तर सर्वांत हलक्या गिअरमध्येही 26 इंची चाकावर पायडलच्या मिनिटाला 70 फेऱ्यांनी वेग होतो ताशी 13. तीव्र चढावर एवढा वेग टिकत नाही, पाय 40-45 फेऱ्यांवर येतात आणि मोटरही तितकीच मंदावते. मोटरचा घात इथे होतो. कमी फेऱ्यांवर ती जास्त करंट ओढते आणि तापते. आत निळा नायलॉनचा गिअर आहे, तो उष्णतेने मऊ पडतो आणि दात सोलले जातात. मोटरच्या पोटात तापमान मोजणारा सेन्सर मुळात दिलेला नाही, म्हणजे ती स्वतःहून थांबणार नाही.

म्हणून 14-34 चं फ्रीव्हील घाला. मग त्याच 70 फेऱ्यांना वेग 10.7 वर येतो. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) 34 दात झेलणारा आहे का ते आधी पाहा, आणि चेन दोन-चार कड्यांनी लांब घ्या. सामान नेहमीच जास्त असेल तर 110 मिलिमीटर बीसीडीचा (चकतीचे बोल्ट ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) अडॅप्टर घेऊन पुढे 36 दातांची चकती बसवता येते. फेऱ्या 65 ते 80 दरम्यान ठेवा. त्याच्या फार पुढे 36 व्होल्टची मोटर साथ सोडू लागते. हँडलवरच्या पडद्यावर मदतीच्या चार पायऱ्या येतात: इको, टूर, स्पीड, टर्बो. घाट टूरवरच चढावा. टर्बो वळणावरच्या पन्नास-शंभर मीटरसाठी. मोटरच्या आवरणाला हात लावून पाहा. चटका बसला तर पाच मिनिटं सावलीत थांबा.

बसवण्यापूर्वी बॉटम ब्रॅकेटचं (बीबी) नळकांडं, म्हणजे फ्रेममधली क्रँकची धुरी ज्यात बसते ती नळी, मोजा. 68 ते 73 मिलिमीटर रुंद आणि आटे असलेलं हवं. एकसंध क्रँकच्या (दोन्ही दांडे आणि धुरी एकाच सळईची) सायकलींच्या मोठ्या व्यासाच्या, बिनआट्याच्या नळकांड्यात हा संच जात नाही. क्रँक ओढून काढायचा पुलर आणि बीबीचा पाना लागतो. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण आटे खराब करतात. खाली गिअरच्या केबलचं प्लास्टिक ज्या स्क्रूने धरलेलं असतं, त्याचं टोक नळकांड्यात आत येत असेल तर कापून टाका, नाहीतर मोटरची नळी अडते. डावीकडचा मोठा नट पहिल्या 50 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. तो ढिला राहिला की मोटर चढावर हलते आणि फ्रेमला घासते.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: मोटर चालू करताना पायडलवर पाय ठेवायचा नाही. त्या क्षणी सेन्सर आपलं शून्य ठरवतो. पाय टेकलेला असला तर तेवढा दाबच शून्य धरला जातो आणि पुढे सगळ्या चढावर मदत कमी मिळते. मोटर बिघडल्याच्या कित्येक तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

उतार मोटरच्या हातात नाही. या संचात उतारावर बॅटरी भरत नाही, सगळा भार ब्रेकवर. रिमवर घासणारे व्ही-ब्रेक सलग धरून उतरलात तर रिम तापते आणि पावसात तर पॅड बघता बघता झिजतात. पुढे-मागे 160 मिलिमीटरचे डिस्क ब्रेक हवेत, निदान केबलचे तरी. फ्रेमला डिस्क ब्रेक बसवायची सोय नसेल तर सायकलच दुसरी घ्या. ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून सोडायचा, पुन्हा दाबायचा. हलका धरून ठेवणं टाळा.

चेन नेहमीपेक्षा लवकर झिजते, कारण पायांचा आणि मोटरचा दोन्ही जोर तिच्यावरच येतो. गिअर बदलताना क्षणभर पाय हलका करा, टॉर्क सेन्सरमुळे मोटरही सैल पडते. चेनची झीज मोजायच्या मापाने ती 0.75 टक्के लांबल्याचं दाखवलं की चेन बदला, म्हणजे फ्रीव्हील वाचतं. धुताना मोटरवर जोराची धार मारू नका.

नियमाचं पाहायचं तर मोटर 250 वॉटच्या आतली, ताशी 25 किलोमीटरला मदत बंद होणारी आणि पाय थांबले की थांबणारी असेल तर नोंदणी लागत नाही. पडद्यावरच्या सेटिंगमध्ये चाकाचा आकार आणि 25 ची मर्यादा नीट भरा. 48 व्होल्टचा 500 वॉटचा प्रकार या सवलतीत येत नाही.

कारचं कुठलं काम याने होत नाही? भरलेला गॅस सिलिंडर 30 किलोच्या आसपास भरतो, साधं कॅरिअर 25 पर्यंतच. आजारी माणसाला नेणं, जुलै-ऑगस्टमधल्या धुक्यातला घाट, शनिवार-रविवारची पर्यटकांची रांग, या वेळी कार किंवा एसटीच बरी. उरलेल्या कामांसाठी दोन्ही बाजूंच्या थैल्यांत दहा-दहा किलो भाजी-किराणा सहज येतो.

बॅटरीच्या 2 अँपिअरच्या चार्जरला पूर्ण भरायला साडेसहा-सात तास लागतात, वीज अर्धा-पाऊण युनिट. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर रात्री लावा, ओली बॅटरी कधीच लावू नका. पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून घरात, कोरड्या जागी ठेवा.