हावडा ब्रिजच्या नावावर ४६,८०० रुपये गेले

ठाणे शहरात राम मारुती रोडजवळ गाळा भाड्याने घेऊन बसलेल्या एका टूरवाल्याने मला ४६,८०० रुपयांना बुडवलं. मी काही अनोळखी लिंक उघडली नव्हती. त्याचं ऑफिस होतं, छापील पावतीपुस्तक होतं, सोसायटीतल्यांनीच नाव सुचवलं होतं.

एकतीस वर्षं मी ड्राफ्ट्समन होतो. कोलकात्याचे पूल बघायची इच्छा कॉलेजपासूनची. १९४३ चा हावडा ब्रिज, २६,५०० टन पोलाद, एक नटबोल्ट नाही, सगळं काम रिव्हेटचं! आणि त्या टूरवाल्याच्या पत्रकावर ‘हावडा ब्रिज, खास लाँच’ या बोटफेरीच्या मथळ्याखाली फोटो होता तारांच्या पुलाचा. म्हणजे १९९२ चा विद्यासागर सेतू. मनोऱ्यावरून पंख्यासारख्या उतरलेल्या त्या तारा मला दिसल्या, मी त्याला दाखवल्यासुद्धा. “काका, प्रिंटरची चूक आहे हो,” म्हणाला. तिथेच उठायला हवं होतं. मी उठलो नाही, त्याची अजून रात्री चीड येते.

१५,००० आगाऊ, हॉटेलचे २१,८००, निघायच्या आदल्या दिवशी लाँचचे १०,०००. शेवटचे दोन हप्ते कुणा नातेवाइकाच्या खात्यावर. खातं कंपनीच्या नावाचं नसेल तर एक रुपया सोडू नका. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये आमचं नावच नव्हतं; बायको भर दुपारी फुटपाथवर बॅगेवर बसून राहिली. हॉटेलचा नंबर स्वतः शोधा आणि निघण्याआधी फोन करा. ब्रिज शेवटी साध्या फेरीबोटीतून पाहिला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. कोलकात्याचे पोलीस म्हणाले, तुमच्या ठाणे शहरात तक्रार करा. ठाणे शहरातले पोलीस म्हणाले, हॉटेल तिकडे, तक्रार तिकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मी वाचून दाखवलं, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती घ्यावीच लागते. तर म्हणे, हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी दावा करा. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. पाच फेऱ्या मारल्या, तक्रारीच्या प्रतीवर नुसत्या शिक्क्यासाठी दीड तास बाकड्यावर! गाळामालकाकडे भाडेकरार आहे, फोटो आहे. चौकशीला कुणी फिरकलं नाही. शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

गाळ्याला आता कुलूप आहे. शेजारचा झेरॉक्सवाला सांगतो, आणखी दोन कुटुंबं विचारत येऊन गेली. तुमच्याकडे त्याची पावती असेल तर घेऊन या. सोमवारी अकराला मी पुन्हा पोलीस ठाण्यात जातोय.