गुलाबाच्या कलमा आणल्या, २ वर्षांचा अनुभव
वर्ध्याकडच्या एका नर्सरीतून ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाच्या ५० कलमा आणल्या होत्या. आमचं वावर काळ्या मातीचं, पाणी धरून ठेवते, तं नर्सरीवाल्या भाऊनं आधीच सांगतलं का गादीवाफ्यावरच लावा अन् डोळा भरलेला जोड (रानगुलाबाच्या खोडावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवते ती जागा) मातीच्या वर ठेवा, लय कामाचं निघालं ते. मे महिन्यात पानं करपली पण ठिबक अन् सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन होतं म्हणून झाडं तगली.
५-६ कलमांचा डोळाच मेलेला निघाला, खालून नुसता रानगुलाब फुटला, त्या बदलून नाही देल्या, हे पटलं नाही. जोडाखालचा फुटवा दिसला का लगेच बुडातून काढा, नाही तं वरची कलम मरते. बाकीच्यांची ऑक्टोबरात छाटणी करून कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद अन् चुन्याचा लेप, बुरशी लागू नये म्हणून) लावली, आता काय फुलं आहेत राजेहो!