मोनो भजनाला स्टिरिओ करायचंय: हास की लॉरिडसन?

डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून झाल्या की पुढचा प्रश्न ठरलेला: सगळं मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या कानात एकच आवाज; तो थोडा पसरवायचा कसा? ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जमण्याजोगे दोन मार्ग मी वापरलेत. खर्ज एका बाजूला आणि तार दुसऱ्या बाजूला ढकलायचा तिसरा मार्गही आहे, पण त्यात बुवांचा आवाजच दुभंगतो. तो सोडून देऊ.

पहिला हासचा. हेल्मूट हासने १९४९ मध्ये दाखवलं, की काही मिलिसेकंदांनी मागून आलेला तोच आवाज कानाला वेगळा ऐकू येत नाही आणि दिशा आधी पोचलेल्या आवाजाची धरली जाते. उजवा चॅनल १५ मिलिसेकंद मागे सारला की काम झालं. हेडफोनवर भरपूर रुंदी मिळते. बुवा डाव्या कानाकडे सरकतात, ते एक वेळ चालेल.

चालत नाही ते गणपतीत कळतं. आमच्या मालवणात भजन हेडफोनवर ऐकतं कोण? ते लागतं देवळाच्या कर्ण्यावर, नाहीतर एकुलत्या ब्लूटूथ स्पीकरवर, आणि तिथे डावं-उजवं एक होतं. मग मूळ आवाज आणि त्याची उशिराची प्रत एकमेकांत मिसळून ३३, १००, १६७ हर्ट्झ अशा पट्ट्या थेट वरपर्यंत कापल्या जातात. ऐन गजरात पखवाजाची थाप पोकळ होते आणि बुवांचा भरदार आवाज पिंपात तोंड घालून गायल्यासारखा येतो. तो आवाज समोर बसून ऐकलेल्या माणसाला हे फार लागतं. मला लागलं.

डॅनिश रेडिओचे होल्गर लॉरिडसन यांची १९५०च्या दशकातली युक्ती इथे कामाला येते. मूळ ट्रॅक मधोमध ठेवायचा, त्याची उशिरा सुरू होणारी प्रत पूर्ण डावीकडे आणि तीच प्रत इन्व्हर्ट करून, म्हणजे तिची ध्वनिलाट उलटी करून, पूर्ण उजवीकडे. दोन्ही बाजू एकत्र आल्या की प्रती एकमेकींना खोडतात, मूळ भजन जसंच्या तसं उरतं.

उणं आहेच. रुंदी मला हासपेक्षा थोडी कमी वाटते आणि झांजेचा नाद जरा विस्कटतो. दोन्ही प्रती मूळ ट्रॅकपेक्षा ६ ते ८ डेसिबल खाली ठेवल्या की तो बराच सावरतो. त्यांतून २०० हर्ट्झखालचं काढून टाकलं की पखवाजही मधोमध बसतो.

स्वतःपुरतं, हेडफोनवरच ऐकणार असाल तर हास पुरेल. पण फाइल मंडळाच्या ग्रुपवर जाणार असेल, तर ती कुठे वाजेल याचा नेम नाही. मी तरी लॉरिडसनच धरेन. उशीर २० मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि झांजेवर कान ठेवून कमी करत या.