जुन्या ११५५ बोर्डावर काय चढवायचं: २६००के, ३७७०के की झेऑन?

परवा रात्री राजारामपुरीतून भाच्याचा फोन आला. "मामा, माझ्या पीसीत आय७ टाकून ओव्हरक्लॉक मारूया. २६००के घेऊ का ३७७०के?" ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर पळवणं. भाच्याचा डेस्कटॉप दाजींनी कुणाकडून तरी सेकंडहँड आणलेला. आत आय३-२१२०, म्हणजे ११५५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो तो साचा), दोन कोअर आणि चार थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). पोरगं इंजिनिअरिंगला आहे, दिवसा कॅड आणि रात्री गेम. मी म्हटलं, "आधी कॅबिनेट उघड आणि बोर्डवर काय छापलंय ते वाच."

पाच मिनिटांनी उत्तर आलं, "एच६१."

"मग 'के'चा नाद सोड."

हे त्याला पटवायला अर्धा तास गेला. सँडी ब्रिज (२६००के) आणि आयव्ही ब्रिज (३७७०के आणि झेऑन ई३-१२३० व्ही२) या इंटेलच्या दोन पिढ्यांत मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉकला ज्या आकड्यानं गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो, वाढवायचा तर प्रोसेसरच्या नावात 'के' लागतोच, पण बोर्डाचा चिपसेटही (बोर्डावरची मुख्य चिप) पी६७, झेड६८, झेड७५ किंवा झेड७७ लागतो. एच६१, एच६७, बी७५, एच७७ यांच्यावर २६००के बसतो, चालतो आणि आपल्या ठरलेल्या वेगानंच चालतो. मग लोक म्हणतात, बेस क्लॉक वाढवू. ही ७७५ सॉकेटच्या जमान्यातली सवय. तेव्हा क्यू६६००चा एफएसबी (तेव्हाचा बेस क्लॉक) २६६ वरून ३३३ केला की नऊपट मल्टिप्लायरनं २.४ चा सरळ ३ गिगाहर्ट्झ व्हायचा. ११५५ वर १०० मेगाहर्ट्झच्या त्याच क्लॉकला पीसीआय एक्स्प्रेस (कार्डांचे स्लॉट) आणि साटाही (डिस्कची जोडणी) बांधलेले आहेत. चार-पाच मेगाहर्ट्झ वर सरकलात की डिस्क गायब व्हायला लागते.

म्हणून आधी बोर्ड, मग प्रोसेसर. पर्याय शेजारी शेजारी मांडतो:

| | आय७-२६००के | आय७-३७७०के | झेऑन ई३-१२३० व्ही२ |
|---|---|---|---|
| साल | २०११ | २०१२ | २०१२ |
| कोअर / थ्रेड | ४ / ८ | ४ / ८ | ४ / ८ |
| मूळ / टर्बो, म्हणजे गरजेला आपोआप चढणारा वेग (गिगाहर्ट्झ) | ३.४ / ३.८ | ३.५ / ३.९ | ३.३ / ३.७ |
| टीडीपी (उष्णतेचा अंदाज) | ९५ वॉट | ७७ वॉट | ६९ वॉट |
| मल्टिप्लायर | खुला | खुला | बंद |
| आतलं ग्राफिक्स | आहे | आहे | नाही |

आय५ मुद्दाम घेतले नाहीत. २५००के हा एके काळी ओव्हरक्लॉकवाल्यांचा लाडका होता, पण त्याचे थ्रेड चारच. ब्राउझरच्या वीस टॅब, मागं अँटीव्हायरस आणि वर गेम असं चाललं की वेग कितीही वाढवा, चौघांच्या खांद्यावर आठ जणांचं ओझं येतं. आणि आय७-४७७०के कुणी 'यात बसतो' म्हणून गळ्यात मारत असेल तर दुकानातून बाहेर पडा. तो ११५० सॉकेटचा आहे.

आता खरी लढत, झेड बोर्ड असणाऱ्यांसाठी: २६००के का ३७७०के?

सारख्याच वेगावर आयव्ही ब्रिज साधारण पाच टक्के पुढं असतो आणि वीजही कमी खातो. कागदावर ३७७०के जिंकला. घोळ झाकणाखाली आहे. सँडी ब्रिजच्या चिपवरचं धातूचं झाकण सोल्डरनं जोडलेलं असतं. आयव्हीत इंटेलनं तिथं पेस्ट घातली. शिवाय ३२ नॅनोमीटरवरून २२ वर आल्यामुळं चिप २१६ चौरस मिलिमीटरवरून १६० वर आली. म्हणजे उष्णता निघायला जागा कमी आणि वाटेत पेस्टचा थर. त्यामुळं व्होल्टेज चढवलं की ३७७०के लवकर तापतो. २६००के चा ४.५ आणि ३७७०के चा ४.३ कामाला जवळपास सारखेच पडतात.

यावर काही जण झाकण उपटून आत चांगली पेस्ट भरतात. आपल्याकडं उद्यमनगरात दर दुसऱ्या वर्कशॉपात बेंच व्हाइस आहे, त्यामुळं हा मोह कोल्हापुरात जरा जास्तच होतो. ३७७०के वर करायचं तर करा, आपल्या जबाबदारीवर. २६००के वर अजिबात नको. तिथं सोल्डर आहे, झाकणाबरोबर चिपचाही तुकडा येईल.

माझ्याकडं झेड६८ वर २६००के आहे, गेली बरीच वर्षं. काम फ्लेक्स डिझाईनचं. कोल्हापुरात रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच, त्यामुळं मशीनला सुट्टी नाही. एका जानेवारीत हौसेनं ४.७ वर नेला, व्होल्टेज १.४ च्या आसपास. रात्रभर टेस्ट चालवली, ढिम्म हलला नाही. गल्लीभर सांगून झालं. एप्रिलात दहा बाय वीस फुटाचा फलक एक्स्पोर्टला लावला, गिऱ्हाईक समोर स्टुलावर चहा पीत बसलेलं, आणि पट्टी नव्वद टक्क्यांवर असताना स्क्रीन निळा. खोलीचं तापमान जेवढं वाढतं तेवढंच जवळजवळ चिपचंही वाढतं. जानेवारीच्या थंडीत पास झालेली सेटिंग उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या खोलीत, पंधरा अंश वर जाऊन बसते. त्या दिवसापासून ४.४, आणि व्होल्टेज १.३ च्या आत. टेस्ट घ्यायची तर मे महिन्यात दुपारी दोनला घ्या.

खुराकाचा हिशोबही एकदा मांडून बघा. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ३.८ वरून ४.५ म्हणजे वेग १८ टक्के वाढला. त्यासाठी १.२० चे १.३२ व्होल्ट करावे लागले तर वीज १.१८ गुणिले १.२१, म्हणजे साधारण ४३ टक्के जास्त. तालमीतला पैलवान एवढा खुराक वाढवला तर जोरही तेवढे मारतो, इथं १८ टक्के कामासाठी ४३ टक्के खुराक जातो. तो पुरवणार एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठा) आणि बोर्डावरचे व्हीआरएम (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारे भाग). कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असेल तर आधी तो बदला. व्हीआरएमवर हीटसिंक नसेल तर बोर्ड झेड असला तरी ४.२ च्या पुढं जाऊ नका. कंपनीच्या डब्यातला अॅल्युमिनियमचा कुलर या कामाचा नाहीच, चार हीटपाइपचा टॉवर कुलर धरूनच बजेट काढा.

एक मधली वाट कुणी सांगत नाही. बिन-केचा आय७-३७७० झेड७७ वर टर्बोच्या चार पायऱ्या वर नेता येतो, म्हणजे चारही कोअर ४.१ वर. व्होल्टेजला फारसा हात न लावता. 'के'च्या एका अक्षरासाठी बाजारात जो जादा भाव सांगतात, त्यापुढं मला हा सौदा बरा वाटतो.

आणि झेऑन. हा सर्व्हरसाठीचा, ओव्हरक्लॉक शून्य. पण आठ थ्रेड, आठ एमबी कॅश, आणि ६९ वॉटमुळं साध्या बोर्डालाही झेपतो. आय३ वरून इथं आलात की रेंडरला, झिप उघडायला, गेमच्या अडखळण्याला जो फरक पडतो, तो चार कोअरच्या आय५ ला कितीही पिळलं तरी मिळत नाही. माझ्या दुसऱ्या मशीनमध्ये तीन वर्षं आहे, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) परत जावं लागलेलं नाही. आतलं ग्राफिक्स नाही, म्हणून कार्ड मात्र हवंच. आयव्ही असल्यामुळं, बोर्डाची साथ असेल तर, ग्राफिक्सच्या स्लॉटला पीसीआय एक्स्प्रेस ३.० मिळतं. २६००के वर ते २.०च राहतं. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी चारच लेनची (डेटाच्या चारच वाटांची) कार्डं तिथं मार खातात.

आयव्ही घेताना दोन गोष्टी. सहा-मालिकेच्या (एच६१, पी६७, झेड६८ वगैरे) बोर्डावर बायोस अपडेट लागतं, आणि ते जुना प्रोसेसर आत असतानाच करून घ्या. ऑफिसातून निघालेल्या डेस्कटॉपांत क्यू६५, क्यू६७ किंवा बी६५ चिपसेट असेल तर आयव्हीचा विचारच सोडा, तिथं सँडीच.

सेकंडहँड बोर्ड घेताना सॉकेटचं झाकण उघडायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. ११५५ पिना एका रांगेत चमकल्या पाहिजेत. एक जरी वाकडी असेल तर चमक तिथं तुटते. मी एकदा गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, ओळखीच्या कारागिराचं डोळ्याला लावायचं भिंग आणून, शिवणाच्या सुईनं तीन पिना सरळ केल्यात. मान तीन दिवस दुखत होती.

या मशीनवर पोट असेल तर मात्र यातलं काहीच घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढचेच आहेत. साधा आय३-१२१००एफ, चारच कोअरचा, ४.५ वरच्या २६००के ला सहज मागं टाकतो. रायझन ५ ५६०० ला सहा कोअर, बारा थ्रेड, टीडीपी ६५ वॉट, आणि बी५५० बोर्डावर ओव्हरक्लॉकची हौसही भागते. बोर्ड आणि रॅम नवे घ्यावे लागतात, डीडीआर३ तिथं चालत नाही. खर्च मोठा आहे, पण रोजच्या कामात तो फिटतो.

भाच्याला पोट भरायचं नाही, म्हणून झेऑन ठरला. रविवारी माझ्याच टेबलावर बसवला. जुनी पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती, खरवडून काढली, कुलरच्या चारही खुंट्या टक-टक बसल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळा. रॅम काढून खोडरबरनं घासली. परत काळा. बायोसची बॅटरी काढून घातली. तरी काळा. मी टेस्टरनं एसएमपीएस बघायला लागलो तेव्हा भाचा काही न बोलता मागं वाकला आणि मी बोर्डाच्या पोर्टला लावलेली मॉनिटरची केबल काढून ग्राफिक्स कार्डाला लावली.