मनी (MANI) ॲप वापरून बघितलं, पांढऱ्या काठीवाल्याचा रिव्ह्यू

रिझर्व्ह बँकेचं हे ॲप १ जानेवारी २०२० ला आलं, फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, आता मराठीतही. नेट लागत नाही हे सगळ्यात भारी, आणि अर्धी घडी घातलेली नोट पण ओळखतं.

आता लोक विचारतात की ॲप कशाला, तुम्हा अंधांना हात लावून कळतंच ना? नाही हो! दिसत नाही म्हणून बोटांना डोळे फुटत नाहीत. जुन्या सिरीजमध्ये शंभरची नोट १५७ मिमी आणि पाचशेची १६७, चांगला सेंटिमीटरभर फरक होता, आता शंभर, दोनशे, पाचशे म्हणजे १४२, १४६, १५०, घ्या मोजून उभ्या उभ्या. कडेला उठावदार रेघा आहेत, शंभरला ४ आणि पाचशेला ५, पण त्या कोऱ्या नोटेवर लागतात हाताला, मंडईत फिरून फिरून मऊ पडलेल्या नोटेवर काय डोंबल लागणार.

दुसरं म्हणजे अंध म्हटलं की मिट्ट काळोखच असणार असं धरून चालतात. मला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार) आहे, मधलं थोडंसं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी असला तरी ते अंधत्वच. पण एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात मोबाईल दिसला की लोकांना नाटक वाटतं. एका मेडिकलमध्ये मी नोट ॲपसमोर धरली तर काउंटरवाला म्हणाला, "साहेब, दिसतंय की तुम्हाला!" बरं, पैसे मी दिले, सुट्टे त्याने ठेवले बायकोच्या हातात, वर तिलाच विचारतो, "यांना पिशवी लागेल का?" अरे मी इथेच उभाय ना.

तक्रारी पण आहेत. गर्दीत नोट नीट कॅमेऱ्यात येईपर्यंत मागचे लोक चुळबुळ करायला लागतात, आणि स्पीकर चालू असला तर "पाचशे रुपये" अख्ख्या लाइनीला ऐकू जातं, त्यामुळे बाहेर इयरफोन लावा नाहीतर व्हायब्रेशनवर ठेवा (ज्यांना ऐकूही कमी येतं त्यांच्यासाठी ही सोय खरंच चांगलीये). मी तर घरीच सगळ्या नोटा ॲपवर तपासून घेतो, पाचशेची आडवी घडी, शंभरची उभी, बाकीच्या सरळ, मग दुकानात मोबाईल काढायचं कामच नाही.

आणि एक लक्षात ठेवा, नोट खरी की खोटी हे ॲप सांगत नाही, फक्त किती रुपयांची तेवढंच सांगतं. मोठी रक्कम असेल तर मी सरळ यूपीआय करतो, फोनमधलं टॉकबॅक स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतं. चार स्टार.