आठ महिन्यांनंतर: ट्रक पळतो झकास, थांबायचं नाव घेत नाही

या ट्रक-सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या जाहिरातीतलं सगळ्यांना पाठ आहे, ते लिहीत नाही. आमचं काम चाकणला, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कंट्रोलर बेंचवर तपासायचं. समोर खरा कंट्रोलर, मागे संगणकातला 22-चाकी ट्रेलर. गणित एकेका मिलिसेकंदाच्या स्टेपने पुढे सरकतं, आणि प्रत्येक स्टेप एका मिलिसेकंदात संपलीच पाहिजे, नाहीतर कंट्रोलर फॉल्ट टाकून मोकळा.

पहिले तीन महिने मी एकाच गोष्टीवर दातओठ खाल्ले. 60 च्या वेगात ब्रेक मारला की शेवटी, ताशी 10 किलोमीटरच्या आसपास, चाकं थरथरायला लागायची. ग्राफवर नुसती करवत. एबीएसला वाटायचं चाक लॉक झालं. तो ब्रेकमधली हवा सोडायचा आणि ट्रक सरकतच राहायचा. त्यातही रिकामा ट्रेलर बऱ्यापैकी निमूट थांबायचा, माल भरला की थयथयाट.

सपोर्टचं उत्तर आलं, स्टेप दहापट लहान करा. केली. थरथर गेली, पण 40 सेकंदांची जी ब्रेकिंग टेस्ट संगणक 9 सेकंदांत सोडवायचा, तिला दीड मिनिट. बेंचवर उपयोग शून्य. मग फोनवर वेगळ्या मोड्यूलचं कोटेशन. आकडा ऐकून साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवशी मी एकच स्टार देणार होतो.

आता जरा नरमलोय. कागदावर मांडलं तेव्हा कळलं, सगळा दोष सॉफ्टवेअरचा नाही. चाकाची स्लिप (चाक गाडीच्या वेगापेक्षा किती मागे पडतंय) काढताना गाडीचा वेग छेदात येतो. तो शून्याकडे गेला की चाक इतकं झटपट प्रतिसाद देतं की एक मिलिसेकंदाची स्टेप त्याला पुरत नाही. भार वाढला की टायर आणखी ताठर होतो, म्हणून भरलेला ट्रेलर आधी बिघडतो. चेसिस, केबिन, ट्रेलरचं धूड मात्र सावकाश डुलणारं, त्यांना एक मिलिसेकंद भरपूर.

मग टायरच्या सेटिंगमध्ये, तिसऱ्या टॅबच्या तळाशी, एक चौकोन सापडला: फक्त चाकांसाठी सब-स्टेप, म्हणजे एका स्टेपचे आणखी बारीक तुकडे. दहा टाकल्या. 14 सेकंद! खर्च शून्य. सपोर्टला हा चौकोन माहीत नव्हता की सांगायचा नव्हता, देव जाणे.

तीन स्टार. चौथा दिला असता, पण नवीन प्रोजेक्ट उघडला की ती सेटिंग आपोआप गेलेली असते. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलीय, तरी काल नवा पोरगा तासभर करवत बघत बसला होता.